कडक शिक्षक बरे की समजून घेणारे?

खडूफळा:
नमस्कार मंडळी, नववीला गणित शिकवते, आणि सध्या एका प्रश्नावरून आमच्या स्टाफरूममध्ये रोज जुंपतेय. वर्गात एक मुलगा आहे, हुशार आहे, पण घरी वडील आजारी, आई दिवसभर धावपळीत, धाकट्या बहिणीचं सगळं यालाच बघावं लागतं. गृहपाठ होत नाही. वर्गात कधीकधी डोळे मिटतात त्याचे. एक सिनियर सर म्हणतात की वही अपूर्ण म्हणजे अपूर्ण, कारण काय ते विचारायचंच नाही, एकाला ढील दिली की बाकीचे डोक्यावर बसतात. दुसऱ्या मॅडम आहेत, मुलांच्या अतिशय लाडक्या, मुलं त्यांना घरचं सगळं सांगतात. त्या म्हणतात अगं त्याच्यावर काय कमी ओझं आहे का, त्याला गृहपाठातून सूट दे, पास होण्यापुरतं सोपं सोपं करून घे म्हणजे झालं.

मला दोघांचंही पूर्ण पटत नाहीये. पण मग नक्की करायचं काय हेही सुचत नाहीये. चांगल्या शिक्षकाने आधी समजून घ्यावं की आधी काम मागावं? ज्यांनी शिकवलंय, जे शिकलेत, ज्यांची मुलं शाळेत आहेत, सगळ्यांनीच लिहा प्लीज.

तिसरातास:
खडूफळा ताई, मी बरीच वर्षं शिकवतोय आणि माझं मत स्पष्ट आहे, सूट देऊ नका. कडकपणा दाखवायचा म्हणून म्हणत नाही. तो मुलगा हुशार आहे असं तुम्हीच लिहिलंय, अशा मुलाला "तू राहू दे, तुला नाही जमणार आत्ता" असं सांगितलं की त्याला त्यातून काय ऐकू येतं याचा विचार करा. पहिल्या आठवड्यात बरं वाटेल. महिन्याभराने तो स्वतःच म्हणायला लागेल की माझ्याकडून कोण अपेक्षा करतंय.

मी काय करतो सांगतो. गणितं कमी करतो, पातळी कमी करत नाही. बाकीच्यांना दहा दिली असतील तर अशा मुलाला तीन देतो, पण त्या तीनात सरावातलं सगळ्यात अवघड एक असतंच असतं. आणि ती तीन पूर्ण पाहिजेत, म्हणजे सगळ्या पायऱ्या लिहून, शेवटी ताळा करून. ताळा नसेल तर वही परत. सोपी दहा गणितं देऊन सोडून देणं हे दिसायला मायेचं असतं पण त्यात मुलाचं नुकसान आहे, कारण दहावीचा पेपर काही त्याच्या घरची परिस्थिती बघून निघणार नाहीये.

शाईचाडाग:
तिसरातास सर, तुमची पद्धत आवडली पण कडक म्हणून मिरवणारे सगळे असे नसतात हो. मी पालक म्हणून लिहितेय. माझ्या मुलीच्या गणिताच्या बाई कडक म्हणून प्रसिद्ध. उत्तर चुकलं की सगळ्या वर्गासमोर वही वर धरून दाखवायच्या. परिणाम काय झाला तर मुलगी चुका करायची थांबली नाही, चुका लपवायला शिकली. वही तपासायला देताना मैत्रिणीची उत्तरं उतरवून न्यायची, वर्गात बाईंनी "समजलं का" विचारलं की सगळ्यांबरोबर मान हलवायची. घरी मी एकदा विचारलं की कंसाबाहेर वजा असेल तर आतल्या चिन्हांचं काय होतं, तिला माहितीच नव्हतं, आणि वहीत मात्र पानभर बरोबर बरोबर बरोबर. बाईंना अख्ख्या वर्षात कळलंच नाही की हिचं कुठे अडतंय, कळणार कसं, मूल चूक दाखवेल तेव्हा ना!

दुसरं म्हणजे बरेच कडक शिक्षक कशाची मागणी करतात तेही बघा. समास सोडला का, कव्हर घातलंय का, तारीख उजवीकडे टाकली का. विचार कर, अजून एक रीत शोध, हे उत्तर का बरोबर ते मला पटवून दे, अशी मागणी करणारे फार थोडे. पहिल्याला मी शिस्तीचा देखावा म्हणेन. खरी अपेक्षा दुसऱ्या प्रकारात आहे.

अभ्यासू_घुबड:
यावर थोडं संशोधन झालेलं आहे ते सांगतो, मी शिक्षणशास्त्राचा विद्यार्थी आहे.

ज्युडिथ क्लाइनफेल्ड नावाच्या अभ्यासक बाईंनी अलास्कात, खेड्यांतून शहराच्या शाळेत आलेल्या तिथल्या मूळ रहिवासी समाजांच्या मुलांना शिकवणारे शिक्षक वर्गात बसून बघितले, १९७५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांनी दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या, शिक्षक किती जिव्हाळ्याने वागतो आणि शिक्षक किती काम मागतो. म्हणजे या एकाच पट्टीची दोन टोकं नाहीतच, दोन वेगळ्या पट्ट्या आहेत, आणि आपला सगळा वाद इथेच चुकतो असं मला वाटतं. त्यांच्या पाहणीत नुसता जिव्हाळा असलेले शिक्षकही होते, मुलं नाराज होतील म्हणून अवघड काही विचारायचेच नाहीत, आणि त्यांच्या वर्गात शिकणं फारसं होत नव्हतं. नुसते कोरडे कडक होते त्यांच्या वर्गात ही मुलं गप्प बसायची. चाललं ते दोन्ही असलेल्यांचं. आणि त्यातही क्रम महत्त्वाचा होता, आधी ओळख, विश्वास, आणि मग काम मागायला सुरुवात.

अजून एक, डेव्हिड यीगर, जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा प्रयोग, अमेरिकेतला, सातवीच्या मुलांवर. मुलांनी आपल्या आवडत्या व्यक्तीवर निबंध लिहिले, शिक्षकांनी नेहमीसारखे तपासून शेरे मारले. मग त्याला एक चिठ्ठी जोडली. काहींना साधी, की शेरे तुला कळावेत म्हणून दिलेत. काहींना अशी, की मी हे शेरे देतोय कारण माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पूर्ण करशील हे मला माहितीये. कोणाला कुठली चिठ्ठी गेली हे शिक्षकांना माहीत नव्हतं. दुसरी चिठ्ठी मिळालेली मुलं निबंध सुधारून परत द्यायला जास्त तयार झाली, आणि फरक सगळ्यात जास्त दिसला तो कृष्णवर्णीय मुलांमध्ये, त्यातही ज्यांचा शाळेवर फारसा विश्वास उरला नव्हता त्यांच्यात. शेरे तेवढेच कडक होते हे लक्षात घ्या, एकही चूक माफ केलेली नव्हती. फक्त ते कशासाठी आहेत हे मुलाला सांगितलं होतं.

समजून घेतल्याने शिस्त बिघडते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, जेसन ओकोनोफुआ वगैरेंचा २०१६ चा अभ्यास आहे, कॅलिफोर्नियातल्या पाच शाळांमधला. गणिताच्या शिक्षकांकडून छोटा ऑनलाइन सराव करून घेतला, मूल असं का वागतंय ते त्याच्या बाजूने समजून घ्यायचं आणि शिस्त लावतानाही नातं तुटू द्यायचं नाही, एवढाच विषय. ज्या मुलांच्या शिक्षकांनी हे केलं त्यांच्यात वर्षभरात शाळेतून निलंबित होण्याचं प्रमाण ४.८ टक्के होतं, बाकीच्यांमध्ये ९.६ टक्के.

जर्नलसबमिशन:
मी कॉलेजात आहे, विद्यार्थ्याच्या बाजूने लिहितो. आम्हाला फिजिक्स प्रॅक्टिकलला एक सर होते, जर्नल दोनदा तीनदा परत द्यायचे. वैताग यायचा खरंच. पण नुसती फुली कधी नसायची, जिथे गडबड असेल तिथे पेन्सिलने छोटी रेघ आणि बाजूला एक प्रश्न, "हे रीडिंग बाकीच्यांपेक्षा इतकं वेगळं का आलं?" बस. आलेखावर एक बिंदू रेषेपासून लांब पडला होता माझा, मी तो गुपचूप सरकवून रेषेवर आणला होता, सरांनी तोच पकडला आणि न ओरडता म्हणाले की खरं रीडिंग परत घे, लांबच आलं तर लांबच दाखव आणि कारण लिही. लॅब संपल्यावर तेही थांबले. वायर सैल होती. तेव्हापासून मी एकही रीडिंग बनवलेलं नाही.

आणि एक दुसरे सर होते, खूप प्रेमळ, सगळ्यांना छान मार्क, उशीर झाला चालेल, अर्धवट असलं तरी चालेल. माणूस म्हणून अजून आवडतात. पण पुढच्या वर्षी त्यांच्याच विषयाचा पुढचा भाग आला तेव्हा आमची अर्धी बॅच गटांगळ्या खात होती, पाया काही नव्हताच.

मागचाबाक:
सगळं पटलं पण प्रॅक्टिकली सांगा हो. वर्गात साठ मुलं, तासाला चाळीस मिनिटं, त्यात हजेरी, त्यात सूचना. प्रत्येकाची घरची परिस्थिती समजून घ्यायची, प्रत्येकाला वेगळा गृहपाठ द्यायचा, पेन्सिलने प्रश्न लिहायचे, कधी करायचं? संशोधन करणारे वर्गात येऊन बसतात आणि निघून जातात, आम्हाला वर्षभर तिथेच उभं राहायचंय. माझ्या मते दमलेल्या शिक्षकाला दोनच गोष्टी परवडतात, ओरडणं नाहीतर सोडून देणं, आणि हे त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्यावरच्या कामाच्या बोजामुळे होतं. यावर कुणी बोलतच नाही.

तिसरातास:
मागचाबाक, अगदी बरोबर, बोललंच पाहिजे. वर्ग लहान असावेत ही मागणी आपण सोडता कामा नये. पण तोपर्यंत आत्ता समोर आहेत त्या मुलांचं काय करायचं तर मी रोज सगळ्या वह्या तपासत नाही. रोज पाच-सहाच, पण नीट. "या ओळीपर्यंत बरोबर, पुढची ओळ परत बघ" एवढंच लिहितो, चूक काय ते सांगत नाही, शोधायची त्याने. बाकीचे एकमेकांचा ताळा बघतात. आणि वेगळा गृहपाठ साठ जणांना लागत नाही हो, एका वेळी तिघाचौघांना लागतो, ते कोण हे तोंडावरून कळतं.

खडूफळा:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन पट्ट्या वेगळ्या आहेत हे वाचून डोक्यातला गुंता बराच सुटला, कारण आमचे ते सर आणि त्या मॅडम दोघंही एकच पट्टी धरून भांडतायत. तीन गणितांचं उद्यापासूनच करते, एक अवघड धरून, ताळ्यासकट. आणि ती तो शाळेतच करेल, मधल्या सुट्टीनंतर माझा एक तास ऑफ असतो तेव्हा त्यांचा खेळाचा तास असतो... नाही, खेळ नको काढून घ्यायला त्याचा, तेवढाच त्याला मोकळा वेळ मिळतो. शाळा भरायच्या आधी वीस मिनिटं येता येईल का विचारते.

फक्त एक राहिलं, बाकीची मुलं विचारणारच की त्याला तीन आणि आम्हाला दहा का. घरचं तर वर्गात सांगू शकत नाही. काय सांगायचं?

शाईचाडाग:
घरचं अजिबात सांगू नका, ते त्याचं आहे. वर्गाला एवढंच सांगा की ज्याला अडचण असेल त्याने येऊन मला सांगावं, आपण गणितं कमी-जास्त करू, पण अवघडातलं एक सगळ्यांनाच आहे. एकदोघं उगाच येतील, येऊ द्या, तीन पूर्ण ताळ्यासकट करायची म्हटल्यावर त्यातले निम्मे परत दहाकडे वळतील.

तिसरातास:
+१. आणि ताई, तीन गणितांचं ठरवायच्या आधी त्याच्याशी बाजूला घेऊन बोला. तुझ्याकडून मला हे येण्याची खात्री आहे म्हणून देतेय, हे शब्दांत सांगा, मुलं ते आपोआप ओळखत नाहीत. त्याला वेळ कुठली जमते तेही त्यालाच ठरवू दे. आईशी बोलणार असाल तर तेही त्याला आधी सांगा, शाळेतून अचानक फोन गेला तर घाबरेल बिचारा.