बाबांसाठी मॉडेल रेल्वे: एन घेऊ का एचओ? (नाशिक)

जेलरोडची_लेक
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझे बाबा रेल्वेतून रिटायर झालेत, भुसावळ डिव्हिजनला होते. दिवाळीत सत्तर पूर्ण होतील, तेव्हा त्यांना मॉडेल रेल्वे करून द्यायची असं मी आणि भावाने ठरवलंय. त्यांची खोली १० बाय ११ ची, त्यात पलंग आणि गोदरेजचं कपाट आहे, पण एका बाजूची भिंत साडेसात-आठ फूट मोकळी होऊ शकते. डोक्यात असं आहे की ८ बाय ४ चा अख्खा प्लाय घ्यायचा, त्यावर कसारा घाट, बोगदा, वर इगतपुरी, आणि पंचवटी एक्सप्रेस पूर्ण डब्यांसकट फिरली पाहिजे. बजेट तीस-पस्तीस हजार. व्हिडिओ बघून बघून डोकं गरगरायला लागलंय, कोणी एन म्हणतं, कोणी एचओ, कोणी ओओ, नक्की घेऊ काय?

फलाट_नंबर_चार
ताई स्वागत. आधी आकडे बघा मग स्वप्नं. एचओ म्हणजे १:८७, खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान, रुळांतलं अंतर १६.५ मिमी. एन म्हणजे १:१६०, रूळ ९ मिमी. ओओ हा इंग्लंडचा प्रकार, रूळ एचओचेच पण गाडी १:७६ ची, तो सध्या बाजूला ठेवा.

आपला एलएचबी (नवीन पद्धतीचा) डबा साधारण साडेतेवीस मीटरचा. एचओत तो २७० मिमी होतो, एनमधे १४७. पंचवटीला वीस डबे धरले तर एचओत नुसते डबेच ५.४ मीटर, आणि तुमची ११ फुटी भिंत आहे ३.३५ मीटर. म्हणजे इंजिन दारात आणि शेवटचा डबा शेजाऱ्यांच्या हॉलमधे. एनमधे तीच गाडी तीन मीटरच्या आत येते.

वळणाचंही तेच. डब्याच्या लांबीच्या निदान तिप्पट त्रिज्या ठेवली तर गाडी वळणावर बरी दिसते. एचओत ८१० मिमी झाली, म्हणजे गाडी उलटी फिरवायलाच साडेपाच फूट रुंदी लागते, तुमचा प्लाय चार फुटांचा. एनमधे ४४० मिमीत, म्हणजे तीन फुटांत काम होतं. सेटबरोबर येणारं ४३८ मिमीचं वळण एचओत एलएचबीला लावलं तर गाडी चालेल कदाचित, पण डब्यांचे कोपरे असे बाहेर येतात की बघवत नाही. माझं मत सरळ एन.

कांदाभजी
दोघं मिळून पुण्याला एक चक्कर मारा, कोथरूडच्या बाजूला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, प्रत्यक्ष बघितल्याशिवाय साईजचा अंदाज येत नाही. येताना बाकरवडी आणा.

बाराव्होल्ट
घाटाबद्दल बोलतो कारण त्यात मी स्वतः हात पोळून घेतलेत. कसारा-इगतपुरीचा चढ ३७ ला १ आहे, म्हणून तर मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. मॉडेलमधे एका रुळावरून दुसरा न्यायचा तर एचओत निदान ७५ मिमी उंची हवी, ३७ ला १ नेच चढलात तरी पावणेतीन मीटर रूळ नुसता चढायला गेला, उतरायला परत तेवढाच, आणि ८ बाय ४ मधली चक्करच मुळात साडेपाच मीटरच्या आसपास असते. म्हणजे स्टेशनसाठी सपाट जागा शून्य!! मी हे सगळं केलं होतं, वर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायची आणि डबे मागे घरंगळत यायचे. घाट हवाच असेल तर रूळ सपाट ठेवा आणि डोंगर मागे-पुढे उभा करा, बघणाऱ्याला चढच वाटतो.

दुसरं, बाहेरून मागवू नका एकदम. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० ला २० ची ६० टक्के केली आणि २०२३ ला ७०, आणि ही मॉडेलं त्यातच मोडतात. इथल्याच कोणाकडून सेकंडहँड बघा. एकच इंजिन चालवायचं तर साधा १२ व्होल्ट डीसी कंट्रोलर बास, डीसीसीच्या (प्रत्येक इंजिन वेगळं चालवणारी डिजिटल यंत्रणा) नादी लागू नका.

जेलरोडची_लेक
बापरे. बरं झालं विचारलं. मग एनच घेते, एक जपानी सेट दिसतोय, त्याचे रूळ खडीसकट तयार येतात, एकमेकांत नुसते अडकवायचे. कार्टमधे टाकलाय.

निफाडकर
थांबा बाई, पैसे भरू नका अजून. तुम्ही खोलीचं माप दिलं, प्लायचं दिलं, गाडीचंही दिलं. बाबांचं नाही दिलं. चष्मा आहे का, हात स्थिर आहेत का, आणि रेल्वेत नेमके होते काय?

जेलरोडची_लेक
काका खरंच की, हे डोक्यातच आलं नाही. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत, लांबचं मस्त दिसतं, जवळचं चष्म्याशिवाय नाही. उजवा हात थोडा थरथरतो, चहाचा कप अर्धाच भरतो आम्ही. मालगाडीवर गार्ड होते शेवटपर्यंत.

निफाडकर
मग एन विसरा.

मी स्वतः चौसष्टचा आहे, आणि एनवरून एचओवर आलो ते हौस म्हणून नाही. एनचा डबा रुळावर ठेवायचा म्हणजे तांदळाएवढी चाकं ९ मिमीत बसवायची, एक बोगी बसली की दुसरी उतरते, ती बसवेपर्यंत शेजारची वाघीण (मालडबा) कोपराने आडवी. दोन डबे जोडायचे तर श्वास धरून. माझा हात बरा असतानाही मी तासातला अर्धा तास गाडी रुळावर आणण्यात घालवत होतो, खऱ्या रेल्वेत त्याला ॲक्सिडेंट रिलीफ ट्रेन म्हणतात. तुम्ही दोघं दिवाळीला लावून द्याल, मजा येईल, आणि भाऊबीज झाली की त्यांच्या एकट्याकडून ती गाडी हाताळली जाणार नाही, मग त्यावर एक जुनं बेडशीट पडेल. अशी बेडशीटं मी तीन घरी बघितलीत.

एचओची वाघीण पंजात येते. वजन असतं म्हणून रुळावर बसते. आणि डबे जोडणारा आकडा, म्हणजे कपलर, वाकवलेल्या बोटासारखा लावला, केडी कंपनीचा वगैरे, तर वरून बांबूची काडी घालून जरा फिरवली की सुटतो, किंवा रुळाखाली चुंबक लावला की तेही नको. भारतीय बॉड्या जे लोक घरगुती बनवतात तेही बहुतेक एचओतच.

जागेचं काय म्हणाल तर गोल फिरवायची गाडी सोडून द्या. भिंतीला दीड फूट रुंदीची फळी लावा आणि शंटिंग करा, म्हणजे डबे पुढेमागे करून हव्या त्या क्रमाने लावायचे. इंग्लंडात एक खूप जुना डाव आहे, इंगलनूक म्हणतात. तीन साइडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ), एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन, पुढे इंजिन आणि तीन वाघिणी मावतील एवढा रूळ. एकूण आठ वाघिणी. चिठ्ठ्या टाकून पाच नंबर काढायचे आणि त्याच क्रमाने गाडी बनवून द्यायची. आठांतून पाचांचे क्रम किती होतात माहितेय, ६७२०. रोज एक केला तरी अठरा वर्षं पुरेल. सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) फक्त दोन लागतात, इंजिन एक, बजेटमधे बसतं.

माप करून बघा. चारचाकी वाघीण कपलरसकट १२० मिमी धरली, इंजिन २००. पुढचा रूळ ५६०, पेको कंपनीचा छोटा सांधा १८५, पाचाची साइडिंग ६००. झाले १३४५, म्हणजे साडेचार फूट. तुमच्या भिंतीत तीन-साडेतीन फूट उरतात वर.

फलाट_नंबर_चार
काका तुमच्या वयाचा मान ठेवून बोलतो, पण पंचवटीचं काय? ताईंनी मुळात मागितली ती पंचवटी. फळीवर मालडबे ढकलण्यात काय मजा. आणि एचओत आपला ब्रॉडगेज चुकतोच, १६७६ ला ८७ ने भागा, १९ मिमीच्या वर रूळ पाहिजे, आपण १६.५ वर चालवतो. समोरून इंजिन बघा, चिमटलेलं दिसतं.

निफाडकर
एनमधे साडेदहा मिमी पाहिजे, तुम्ही ९ वर चालवता. चिमटा दोघांनाही आहे :) पंचवटी मुलीने मागितली, बाबांनी नाही. त्यांना कोणी विचारलंय का?

पेठेतला_पाव्हणा
मधेच तोंड घालतो. नाशिकचंच करायचं तर ट्राम करा की! नाशिकरोडवरून गावात यायची, अडीच फुटी गेज. म्हणजे ७६२ मिमी, भागिले ८७, आले पावणेनऊ. म्हणजे एनचे ९ मिमीचे रूळ घ्यायचे आणि वर एचओच्या मापाची बॉडी, याला एचओई म्हणतात, वळणं टीचभर चालतात, माणसं-घरं मोठी दिसतात. दोघांचंही भांडण मिटलं.

बाराव्होल्ट
पाव्हणं आयडिया एक नंबर आहे पण बॉडी स्वतः बनवावी लागणार, पहिल्या लेआउटला नको. दुसऱ्याला मी येतो मदतीला, खरंच.

जेलरोडची_लेक
सरप्राईज ठेवायचं होतं पण काकांच्या प्रश्नाने राहवलं नाही. रात्री जेवताना सहज विषय काढला की छोटी रेल्वे असती तर कुठली आवडली असती, पंचवटी ना? तर हसायलाच लागले. म्हणाले पंचवटी मी जन्मभर लूपमधे (बाजूच्या रुळावर) उभं राहून बघितली, ओढा, खेरवाडी, समिट असल्या छोट्या स्टेशनांवर, हिरवी झेंडी दाखवायची आणि ती धूळ उडवत जायची, तिला आता घरात पण पास देऊ का. मग मात्र थांबेचनात. लासलगावला पूर्वी कांद्याच्या सुट्ट्या वाघिणी कशा काढून ठेवायचे, कुठली मागची कुठली पुढची हे आधीच डोक्यात ठेवायला लागायचं, एक चुकीची राहिली की सगळं परत, ड्रायव्हर शिव्या घालायचा. आई म्हणाली इतकं तर लग्नाच्या वेळी पण बोलले नव्हते.

कार्ट रिकामी केली. काका, फळीचं नीट सांगा.

निफाडकर
वा. मग सांगतो, पाल्हाळ झालं तर माफ करा.

फळी १२ मिमी वॉटरप्रूफ प्लायची, खाली दीड-दोन फुटांवर लाकडी पट्ट्या आडव्या, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात ती पापड होते. उंची खुर्चीत बसून कोपर टेकेल एवढी, तीन फुटांच्या आसपास, उभं राहून बघणाऱ्यांसाठी उंच करू नका, त्यांना बसूनच खेळायचंय. रूळ निकेल-सिल्व्हरचे बघा, पितळी जुने स्वस्त मिळतात पण आठवड्यात काळे पडतात. सांध्याला मोटर लावू नका, पेकोच्या सांध्यात स्प्रिंग असते, बोटाने ढकलला की टक् करून बसतो, थरथरत्या हाताला ते बरं. फक्त सांधा घेताना मधला तुकडा धातूचा आणि करंट घेणारा आहे ना ते विचारा, प्लास्टिकचा असेल तर छोटं इंजिन हळू चालवताना नेमकं त्यावर मरतं, आणि शंटिंग म्हणजे सगळं हळूच. याच कारणासाठी चार चाकी इंजिन टाळा. जुनं अमेरिकन अल्को कंपनीच्या इंजिनाचं मॉडेल मिळालं तर उत्तम, आपलं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन मुळात अल्कोचंच डिझाईन, रंग दिला की लांबून चालून जातं. आणि बाबांना लांबचंच तर मस्त दिसतं.

प्रत्येक रुळाच्या तुकड्याला खालून वायर डाग देऊन (सोल्डर करून) घ्या, नुसत्या जोडपट्टीवर भरवसा नको.

कांदाभजी
माझ्याकडून दोन अनुभवाचे बोल. एक, हे गॅलरीत करू नका, पश्चिमेचं ऊन आणि कबुतरं, जास्त लिहीत नाही. दोन, खडी म्हणून रवा वापरू नका. मी वापरला. फेविकॉल घालून झकास दिसत होता, चौथ्या दिवशी मुंग्यांची मालगाडी, ती मात्र अजिबात रुळावरून उतरत नव्हती. बारीक रेती चहाच्या गाळणीने गाळून घ्या, गाळणी परत किचनमधे ठेवू नका.

फलाट_नंबर_चार
ठीक आहे, हरलो. माझ्याकडे चार बंद वाघिणी पडून आहेत एचओच्या, जर्मन आहेत पण मातकट लाल रंग दिला की खपतील. नाशिकरोडला आलो की देतो, पैसे नकोत, एक डाव खेळू द्या.

जेलरोडची_लेक
किती गोड आहात सगळे. नक्की या, चहा माझ्याकडून, पूर्ण कप.

तर अपडेट. काल काकांचा प्लॅन कागदावर काढून बाबांना दाखवला, सरप्राईज गेलंच आहे आता. चष्मा लावून पाच मिनिटं बघत बसले. मग कॅलेंडरचं मागचं पान घेतलं, पेन्सिलने तोच प्लॅन परत काढला आणि विचारलं की हा प्लॅन काढणारा माणूस रेल्वेतला आहे का. म्हटलं नाही. म्हणाले वाटलंच, यात फाउलिंग मार्क कुठेय? सांध्याला चिकटून वाघीण उभी केली तर बाजूच्या लाइनवरून येणारी तिला घासणार, पाचाच्या साइडिंगमधे याच्या हिशोबाने चारच उभ्या राहतील. सांध्यापासून पुढे जागा सोडून मग मोजायला सांग त्याला.

निफाडकर
हात जोडले. बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर, दोन रूळ पुरेसे लांब जाईपर्यंतची जागा मी धरलीच नव्हती. तिन्ही साइडिंगला चार-चार इंच वाढवा, एकूण पाच फूट धरा. तुमच्या भिंतीत तरी बसतंय. आणि गार्डसाहेबांना सांगा, मार्क ते स्वतःच रंगवतील, स्लीपरवर पांढरी रेघ.

जेलरोडची_लेक
सांगितलं. पांढरा रंग घरात आहे का हे शोधायला माळ्यावर चढत होते, ओढून खाली आणलंय. आईचा एकच प्रश्न आहे, फळीच्या खाली तिच्या लोणच्याच्या बरण्या राहतील का?

निफाडकर
राहतील. वायर मात्र मागच्या कडेने न्या, बरणी काढताना पुढची वायर ओढली जाते.