अनुभव धागा : अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना, टेक्सास विरुद्ध यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ), 4 जानेवारी 2006. तुम्ही तो सामना कुठे आणि कसा पाहिला?

सांजवात
आमच्या कार्यालयात नुकत्याच रुजू झालेल्या एका तरुण सहकाऱ्याने परवा जेवणाच्या सुट्टीत विचारले की, ऑस्टिनमधली चाळिशी ओलांडलेली माणसे टेक्सासचा तेव्हाचा क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा, पास देणारा खेळाडू) विन्स यंग याचे नाव निघताच एकमेकांकडे पाहून हसतात, ते कशासाठी? सुट्टी संपली तरी माझे उत्तर संपले नाही, म्हणून उरलेले येथे लिहीत आहे.

त्या वेळी मी टेक्सास विद्यापीठात शिकत होते. नाताळच्या सुट्टीमुळे वसतिगृहे रिकामी झाली होती आणि भारताचे तिकीट न परवडलेले आम्ही काही मराठी आणि तेलुगू विद्यार्थी एका मैत्रिणीच्या घरी जमलो होतो. यूएससीचा संघ सलग 34 सामने जिंकून आला होता, मॅट लाइनार्ट आणि रेजी बुश हे हाइझमन पारितोषिकाचे (वर्षातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा मान) दोन मानकरी एकाच संघात होते, आणि आजवरचा सर्वश्रेष्ठ महाविद्यालयीन संघ म्हणून त्यांची वर्णने सामना व्हायच्या आधीच सुरू झाली होती. टेक्सासला 1970 नंतर राष्ट्रीय विजेतेपद मिळालेले नव्हते. सामना संपायला 6 मिनिटे 42 सेकंद उरले असताना आम्ही 38-26 असे मागे होतो आणि आमच्यातला एक जण उठून भांडी घासायला गेला होता.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. गुण 38-33, चौथा डाउन (म्हणजे पुढे सरकण्याची शेवटची संधी), अजून पाच यार्ड गाठायचे, चेंडू यूएससीच्या आठ यार्डांच्या रेषेवर आणि पास द्यायला कोणीही मोकळे नाही. तेव्हा यंग उजवीकडे वळला आणि कोपऱ्यातून एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, शिरला; हा सहा गुणांचा टचडाउन. घड्याळात 19 सेकंद होते. टचडाउननंतरचे जादा दोन गुणही त्यानेच पळत जाऊन मिळवले आणि 41-38 झाले. आम्ही चपला घालून ग्वाडलूप रस्त्यावर गेलो, तर विद्यापीठाचा मनोरा केशरी दिव्यांत उजळला होता आणि त्याच्या खिडक्यांमधून भला मोठा एकचा आकडा दिसत होता. तुम्ही त्या वेळी कुठे होता, ते सांगावे. दुसऱ्या बाजूच्या मंडळींचेही स्वागत आहे.

मेघमल्हार
दुसऱ्या बाजूचा मीच आहे, आणि स्वागताबद्दल आभार मानावेत की नाही, हे अजून ठरवलेले नाही. मी त्या वर्षी यूएससीत अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आलो होतो. पहिल्याच मोसमात प्रत्येक शनिवारी विजय पाहिल्यामुळे आपला संघ हरू शकतो ही कल्पनाच मनात नव्हती, आणि त्या संध्याकाळी लॉस एंजेलिसमध्ये कोणाच्याच मनात नसावी.

माझ्या मते सामना यंगने जिंकण्यापूर्वी आम्ही हरलो होतो. 2 मिनिटे 13 सेकंद उरले होते, 38-33 अशी आघाडी होती, चेंडू टेक्सासच्या 45 यार्डांवर होता आणि चौथ्या डाउनवर दोन यार्ड हवे होते. पंट करून, म्हणजे चेंडू लाथेने लांब उडवून, टेक्सासला त्यांच्याच एंड झोनजवळ ढकलण्याऐवजी आमचे प्रशिक्षक पीट कॅरल यांनी चेंडू धावपटू लेनडेल व्हाइटच्या हाती दिला, तो अडवला गेला आणि यंगला मैदानाचा जेमतेम अर्धा भाग पार करायचा उरला. त्या वेळी देशातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून नुकताच गौरवलेला बुश मैदानाबाहेर उभा होता. निदान प्रतिस्पर्ध्याला त्याच्यावर डोळा ठेवावा लागावा, एवढ्यासाठी तरी तो मैदानात हवा होता. याचे समर्थन करणारा भेटला की मी आजही वाद घालतो.

शनिवारपेठी
घाला वाद, मी समर्थन करतो. व्हाइटने त्या रात्री 124 यार्ड आणि तीन टचडाउन मिळवले होते, आणि यंगला त्या अर्ध्या तासात कोणी थांबवू शकत नव्हते. दोन यार्ड मिळाले असते तर सामना तिथेच जवळजवळ संपला असता. अशा वेळी पंट करणे म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्याच हाती आपण होऊन चेंडू सोपवणे होय.

मेघमल्हार
सोपवायचाच होता, तर निदान लांबून सोपवावा.

कृष्णाकाठ
मी यातले काहीही पाहिलेले नाही, तरीही लिहिते. धाकटा भाऊ यूएससीत होता आणि मी पुण्यात नोकरीला होते. तिकडची बुधवारची रात्र म्हणजे आपल्याकडे गुरुवारची सकाळ, त्यामुळे मी कार्यालयात बसून संगणकावर गुणफलकाचे पान पुनःपुन्हा ताजे करत होते. खेळाचे नियम मला भावाने पत्रातून समजावले होते : दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार संधी मिळतात आणि चौथी संधी सहसा कोणी घेत नाही. त्या सकाळी मात्र दोन्ही संघ सामन्याच्या अखेरीस चौथी संधीच घेत होते, त्यामुळे भावाने आपल्याला खेळ नीट समजावला नाही अशी माझी खात्री झाली. पान बराच वेळ 38-33 वर अडकून राहिले आणि नंतर थेट 41-38 दिसले, म्हणजे मधला संपूर्ण इतिहास माझ्यापुरता घडलाच नाही. भावाला फोन केला, तर त्याने "नंतर बोलू" एवढेच म्हणून ठेवून दिला. आमच्या घरात शारजाच्या सामन्यानंतर वडिलांनीही असेच मौन पाळले होते, त्यामुळे मी पुढे काही विचारले नाही.

बायूकाठचा
ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या आम्हां लोकांना यंगचे कौतुक अधिक होते, कारण तो आमच्या शहरातला मुलगा. आदल्या वर्षी पॅसाडीनाच्या याच रोझ बोल मैदानावर टेक्सासने मिशिगनला 38-37 असे शेवटच्या क्षणी फील्ड गोल करून (चेंडू लाथेने खांबांमधून पाठवून) हरवले होते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येऊ, असे तो तेव्हाच सांगून गेला होता. डिसेंबरमध्ये हाइझमनच्या मतदानात बुश पहिला आणि तो दुसरा आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची निराशा पाहून आमच्या घरातल्या आजींनी "आता हा सोडणार नाही" असे भाकीत केले. आजींना खेळातले काही कळत नव्हते, पण चेहरे कळत होते. 200 यार्ड धावून आणि 267 यार्ड पास देऊन त्याने ते खरे केले.

मेघमल्हार
आजींना माझा नमस्कार सांगा. दुसऱ्या सत्रात विन्स यंगने सहकारी सेल्व्हिन यंगकडे चेंडू फेकला, त्यापूर्वी विन्सचा गुडघा जमिनीला टेकला होता, म्हणजे खेळ तिथेच थांबायला हवा होता, हेही कृपया त्यांना सांगावे. पंचांनी रिप्ले न पाहताच तो टचडाउन दिला.

सांजवात
गुडघा टेकला होता, हे टेक्सासचे लोकही खासगीत मान्य करतात. पण त्या टचडाउननंतरचा अतिरिक्त गुण आमचा हुकला, हेही नोंदवावे. शिवाय त्याच सत्रात बुशने टेक्सासच्या हद्दीत खोलवर मुसंडी मारल्यावर, धरला जात असताना चेंडू सहकाऱ्याकडे मागे फेकण्याचा प्रयत्न केला आणि तो टेक्सासने उचलला. तेव्हा यूएससी 7-0 असे पुढे होते. माझ्या मते गुडघ्यापेक्षा तो क्षण महाग पडला.

पॅसाडीनाकर
मी प्रत्यक्ष मैदानात होतो. कंपनीकडे आलेले एक तिकीट वरिष्ठांच्या आजारपणामुळे माझ्या वाट्याला आले, आणि वरिष्ठांना बरे वाटो अशी प्रार्थना मी सामना संपल्यानंतरच केली. रोझ बोल पॅसाडीनाच्या अरोयो सेको या दरीत आहे. सॅन गॅब्रिएलचे डोंगर समोर दिसतात आणि संध्याकाळी त्यांच्यावर जांभळी छटा येते. सामना सुरू झाला तेव्हा ती नुकतीच ओसरत होती. सुमारे 94 हजार लोक होते, एका बाजूला केशरी आणि दुसऱ्या बाजूला गडद लाल व सोनेरी.

दूरचित्रवाणीवर एक गोष्ट कळली नसेल, ती अशी की शेवटची धाव माझ्या बाजूला बसलेल्यांना नीट दिसलीच नाही. सगळे उभे होते आणि यंग पलीकडच्या टोकाला कोपऱ्याकडे पळत होता. केशरी रंगाची बाजू एकदम उसळली, त्यावरून आम्ही समजलो. माझ्या शेजारचे वृद्ध गृहस्थ यूएससीचे माजी विद्यार्थी होते. त्यांनी टोपी काढली आणि "हा मुलगा अप्रतिम आहे" असे शांतपणे म्हटले. त्यानंतरही 19 सेकंद शिल्लक होते आणि लाइनार्टने संघाला टेक्सासच्या हद्दीत नेलेही, पण त्या गृहस्थांनी तोवर आवराआवर सुरू केली होती.

घरी येऊन ध्वनिमुद्रण पाहिले, तेव्हा किथ जॅक्सन यांचे समालोचन ऐकायला मिळाले. तो त्यांनी समालोचन केलेला शेवटचा सामना ठरला. ज्यांना शक्य असेल त्यांनी तो त्यांच्याच आवाजात पाहावा.

शनिवारपेठी
कॅरल यांच्याविषयी एक राहिले. पुढे ते सिएटलच्या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक झाले, आणि फेब्रुवारी 2015 च्या सुपर बोलमध्ये (व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात) सिएटलला एक यार्ड हवा असताना, मार्शॉन लिंचसारखा धावपटू हाताशी असूनही, त्यांच्या संघाने पास दिला आणि तो प्रतिस्पर्ध्याने झेलला. म्हणजे 2006 मध्ये चेंडू घेऊन पळाले म्हणून शिव्या खाल्ल्या आणि 2015 मध्ये पळाले नाहीत म्हणून. मेघमल्हार, या माणसाने नेमके करायचे तरी काय?

मेघमल्हार
2006 मध्ये बुशला मैदानात ठेवायचे, एवढेच माझे म्हणणे आहे. 2015 चे सिएटलवाल्यांनी पाहून घ्यावे.

कृष्णाकाठ
भावाला हा धागा पाठवला. बुशला हाइझमन 2010 मध्ये सोडावे लागले, त्या मोसमातले विजय नोंदींतून काढले गेले आणि 2024 मध्ये पारितोषिक पुन्हा त्याला मिळाले, तेव्हा आता त्याविषयी तरी आनंद मानावा, असे मी त्याला सुचवले. विजय पुसले गेले तरी हा पराभव मात्र कोणी विसरत नाही, असे त्याचे उत्तर आले.

बायूकाठचा
भावाला सांगावे की जानेवारी 2010 मध्ये टेक्सास त्याच रोझ बोलमध्ये राष्ट्रीय विजेतेपदासाठी उतरले आणि अलाबामाकडून 37-21 असे हरले. आमच्या घरी त्या रात्री कोणी जेवले नाही.

मेघमल्हार
आमच्याकडे श्रीखंड होते.

सांजवात
आमचा क्वार्टरबॅक कोल्ट मॅकॉय सुरुवातीलाच जायबंदी झाला नसता तर तुम्हांला ते श्रीखंड गोड लागले नसते, मेघमल्हार. त्या सामन्यासाठी मी वेगळा धागा काढते. बायूकाठचा यांनी तेथे आधी लिहावे.