पीठ जास्तीचे मळले गेले: न मागता मिळालेल्या मायेचे अनुभव

पैठणच्या एकनाथ महाराजांनी रामेश्वराला न्यायची कावडीतली गंगा वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. या धाग्यात मात्र ज्यांची कथा कोणत्याही कीर्तनात येणार नाही, अशा माणसांविषयी लिहावे. अट एकच आहे: आईविषयी लिहू नये. तिच्याकडून घेण्याची आपल्याला इतकी सवय झालेली असते की तिचे कष्टही आपण मायेच्या खात्यावर मांडून मोकळे होतो. सुरुवात मीच करतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते आणि १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली. त्याच दिवसांत माझी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. शेजारच्या आजी रोज पहाटे आमच्या उंबऱ्याशी एक भरलेली घागर ठेवून जात. तिच्या तोंडाला जुन्या लुगड्याचे तिपदरी फडके बांधलेले असे. “आम्हा दोघा म्हाताऱ्यांना किती पाणी लागतंय?” एवढेच त्या म्हणत. एकदा काही निमित्ताने त्यांच्या घरी गेलो, तर आजोबा मोठ्या परातीत बसून तांब्याभर पाण्याने अंग पुसत होते, आणि परातीत साठलेल्या त्याच पाण्यात आजी फरशी पुसायचे फडके भिजवत होत्या. मी आल्या पावली परतलो.

औसा तालुक्यातून: ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. ज्या मुलींना वेणी घालणारे कोणी उरले नव्हते, त्यांना आमच्या गल्लीतल्या एक काकू शाळेच्या वेळेआधी रांगेने बसवत आणि साडीचे काठ फाडून केलेल्या रिबिनी बांधत. त्यांची स्वतःची मुलगीही त्या पहाटे गेली होती. त्याविषयी त्या एक अक्षरही बोलत नसत. फक्त शेवटची वेणी घालून झाली की कंगवा धुऊन उन्हात ठेवत.

परभणीहून: परीक्षेच्या दिवशी माझे पाकीट हरवले, तेव्हा एसटीच्या कंडक्टरने स्वतःच्या खिशातून माझे तिकीट काढले. गडबडीत नाव विचारायचे राहून गेले.

बीड जिल्ह्यातून: माझे आईवडील म्हणजे ऊसतोडीच्या टोळीतला एक कोयता; जोडीने ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोला तिथे असेच मोजतात. दिवाळी झाली की ते पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावर जात आणि मी गावात, डोळ्यांनी अधू झालेल्या आजीपाशी राहत असे. आजीची भाकर कधी करपे, कधी कच्ची राही. संध्याकाळी शेजारच्या मावशींच्या काटवटीत भाकरी थापल्याचा आवाज आला की मी उगाच त्यांच्या दारावरून जाई, आणि त्या आतून हाक मारत, “पीठ जास्तीचं मळलं गेलं रे, वाया जाईल. आजीलाही घेऊन जा.” सलग चार हंगाम त्यांच्या पिठाचा अंदाज रोज चुकत होता, आणि मला खरोखरच वाटे की मावशींना पिठाचा अंदाज येत नाही. नोकरी लागल्यावर मी त्यांना साडी घेऊन गेलो. त्यांनी ती घेतली, घडी न मोडता उशाला ठेवली आणि चुलीकडे वळत म्हणाल्या, “बस, जेवूनच जा. आजही पीठ जास्तच झालंय.”