बिटकॉइनच्या आधीची डिजिटल कॅश: डेव्हिड चॉमने नेमकं काय केलं होतं?

मेघना_आर:
बिटकॉइनबद्दल वाचताना डेव्हिड चॉम या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाचं नाव सारखं येतं. १९८२ मध्येच त्याने डिजिटल कॅशचा पाया घातला म्हणतात, मग ते चाललं का नाही? आणि ब्लाइंड सिग्नेचर म्हणजे काय ते कोणी सोप्या भाषेत सांगा ना, दोन लेख वाचले, सगळं डोक्यावरून गेलं.

खडूफळा:
मेघनाताई, आधी ब्लाइंड सिग्नेचर. आतून कार्बन लावलेलं पाकीट डोळ्यासमोर आणा, उदाहरण खुद्द चॉमचंच आहे. तुम्ही कागदावर भलामोठा रँडम नंबर लिहून पाकिटात बंद करता, बँक तुमच्या खात्यातून एक डॉलर कापते आणि पाकिटावर वरून सही करते, ती कार्बनमधून आतल्या कागदावर उमटते. बँकेने नंबर पाहिलेलाच नसतो. पुढे दुकानदार तो कागद घेऊन आला की बँक आपली सही ओळखते, पैसे देते, पण ही नोट मुळात कोणाला दिली होती ते तिला सांगताच येत नाही. गणितात हे पाकीट म्हणजे आरएसए या डिजिटल सहीच्या पद्धतीमधला एक गुणाकार, सही झाली की भागाकार करून काढून टाकायचा, बस.

तोच नंबर दोनदा खर्च केला तर? वापरलेल्या नंबरांची यादी बँक ठेवते. पण १९८८ मध्ये चॉम, फियाट आणि नाओर यांनी ऑफलाइन, म्हणजे व्यवहाराच्या वेळी बँकेला विचारावं न लागणारी पद्धत काढली, ती तर कमालच आहे: नोट एकदा वापरली तर तुमचं नाव गुप्त, दोनदा वापरली की दोन्ही व्यवहार जुळवून नाव आपोआप उघड!

जुना_कोडर:
चाललं का नाही ते मी सांगतो. चॉमने ॲमस्टरडॅमला डिजिकॅश नावाची कंपनी काढली, १९९५ ला अमेरिकेत सेंट लुईसच्या मार्क ट्वेन बँकेने तिची डिजिटल कॅश, म्हणजे ईकॅश सुरू केलं, पण ग्राहक नाहीत म्हणून दुकानदार येईनात, दुकानदार नाहीत म्हणून ग्राहक येईनात, आणि लोक तोवर वेबवर क्रेडिट कार्ड नंबर टाकायला सरावले. १९९८ ला कंपनी दिवाळखोरीत. शिवाय सगळा डोलारा नोट देणाऱ्या बँकेवर उभा, ती हटली की खेळ खलास.

सह्याद्री_नोड:
पण बिटकॉइन काढणाऱ्या सातोशीने ते ज्या पेपरमध्ये मांडलं त्यात जेमतेम ८ संदर्भ आहेत आणि त्या संदर्भांत चॉम नाही. मग त्याला बिटकॉइनचा बाप म्हणणं जरा जास्तच होतंय ना?

खडूफळा:
दादा, संदर्भात नाही हे खरं, पण धागा हाल फिनीकडून बघा. नव्वदच्या दशकात हा माणूस चॉमच्या कॅशबद्दल सायफरपंक मंडळींना (गुप्तलेखनातून खासगीपणा जपू पाहणाऱ्यांचा गट) कळकळीने लिहीत होता, २००४ ला त्याने स्वतःची आरपीओडब्ल्यू ही डिजिटल टोकनची सिस्टिम केली आणि १२ जानेवारी २००९ ला सातोशीने पाठवलेले १० बिटकॉइन त्यालाच मिळाले. बँक नको हा प्रश्न सातोशीने सोडवला, मान्यच. पण बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार सगळ्या जगाला दिसतो, पत्त्यामागचा (पत्ता म्हणजे खाते क्रमांकासारखं) माणूस एकदा कळला की त्याचा मागचा सगळा हिशोब उघडा पडतो. खासगीपणाच्या बाबतीत मला तरी ही पीछेहाटच वाटते.

मेघना_आर:
आत्ता कुठे डोक्यात शिरलं, थँक्यू! पण मग काळा पैसा, लाच वगैरेचं काय? सगळंच लपणार की.

खडूफळा:
सगळं नाही. लपतो तो पैसे देणारा. घेणाऱ्याला नोटा बँकेत जमा कराव्याच लागतात, म्हणजे त्याची कमाई दिसते. २०२१ मध्ये स्विस नॅशनल बँकेच्या वर्किंग पेपरमध्ये चॉम आणि सहकाऱ्यांनी सेंट्रल बँकेच्या डिजिटल चलनासाठी हीच रचना मांडली आहे, ग्राहक गुप्त आणि दुकानदाराचं उत्पन्न उघड.