भाच्याची एपी गव्हर्नमेंटची परीक्षा: मार्बरी हरला, मग केस एवढी मोठी कशी?

कोपरीचा_मामा
नमस्कार मंडळी, ताई न्यू जर्सीला असते, भाचा अकरावीत, मे महिन्यात त्याची एपी गव्हर्नमेंटची (अमेरिकेची राज्यव्यवस्था हा शाळेतला कॉलेजच्या पातळीचा विषय) परीक्षा आहे आणि मी कधीकाळी एमपीएससीसाठी राज्यघटना घोकली होती एवढ्या भांडवलावर ताईने मला त्याचा मास्तर करून टाकलंय. रोज पहाटे साडेपाचला व्हिडिओ कॉल, तिकडे रात्रीचे ८, मग मी धावत ठाणे स्टेशन. सिलॅबसला ९ डॉक्युमेंट्स आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १४ केसेस. पोराने सालं तोंडपाठ केलीत पण कुठली केस कशाशी जोडायची म्हटलं की अडतो. काल विचारतो, मामा, मार्बरीला नोकरी मिळालीच नाही ना शेवटी, मग ही केस सगळ्यात मोठी कशी? मी म्हटलं आवाज तुटतोय रे, उद्या बोलू. तेव्हा प्लीज उद्या पहाटेच्या आत कोणीतरी सांगा.

वकीलीणबाई_कळवा
आवाज तुटतोय 😂

मामा, ती भांडणाची गोष्ट म्हणून सांगा, लगेच कळेल. १८०० ची निवडणूक राष्ट्राध्यक्ष ॲडम्स हरला, १८०१ मध्ये जाता जाता आपली माणसं न्यायाधीश म्हणून नेमून गेला. त्यातल्या मार्बरीचं नेमणूकपत्र सही शिक्का होऊन टेबलावरच राहिलं. पोचवायचं काम कोणाचं, तर तेव्हाचा परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल याचं. नवीन सरकारचा मंत्री मॅडिसन म्हणाला देत नाही जा. मार्बरी थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि तिथे सरन्यायाधीश कोण? तोच मार्शल! (आपल्याकडे असं झालं असतं तर पहिल्याच तारखेला अर्ज पडला असता, साहेब तुम्ही बाजूला व्हा म्हणून.)

आता पेच बघा. पत्र द्या म्हणावं तर सरकार ऐकणार नाही, कोर्टाची शोभा होणार. देऊ नका म्हणावं तर घाबरले म्हणतील. मार्शल म्हणाला, पत्रावर मार्बरीचा हक्क आहे, पण ज्या १७८९ च्या कायद्याने तो थेट आमच्याकडे आला ते कलमच घटनेविरुद्ध आहे, म्हणून रद्द. म्हणजे छोटा अधिकार नको म्हणत कोर्टाने संसदेचा कायदा रद्द करायचा भलामोठा अधिकार खिशात घातला, आणि सरकार जिंकलेलं असल्यामुळे तक्रार तरी कशाची करणार. निकाल १८०३ चा.

ऐरोली_नाका
ताई मस्त, पण अधिकार मार्शलने हवेतून नाही काढला. घटना घडवणाऱ्यांपैकी हॅमिल्टनने फेडरलिस्ट ७८ मध्ये १७८८ लाच लिहून ठेवलेलं, की कोर्टाकडे तलवार नाही की तिजोरी नाही, आहे तो फक्त निवाडा, आणि घटनेविरुद्धचा कायदा रद्द ठरवणं हे कोर्टाचं काम. मामांना जोडी हवी होती ना, ही पहिली. दुसरी, ब्रूटस १ (घटनेला विरोध करणारा, टोपणनावाने लिहिलेला लेख) आणि मॅकुलोकची केस. ब्रूटस १७८७ लाच ओरडत होता की 'आवश्यक आणि योग्य' या शब्दांच्या आडून केंद्र राज्यांना गिळेल. १८१९ ला मेरीलँडने केंद्राच्या बँकेवर कर लावला तेव्हा कोर्टाने त्याच शब्दांवर बँक वैध ठरवली, वर राज्याचा करही उडवला. ब्रूटस म्हणाला असता, सांगत होतो ना.

पामबीच_रोड
फेडरलिस्ट पण कायदाच ना? तो पाठ केला की झालं.

ऐरोली_नाका
नाही हो, वर्तमानपत्रातले लेख ते, एकूण ८५, तिघांनी पब्लियस या एकाच टोपणनावाने लिहिलेले. घटना मंजूर करा म्हणून न्यूयॉर्ककरांना पटवायला. आपले अग्रलेख असतात तसे समजा.

वकीलीणबाई_कळवा
आणि पोर कंटाळलं की गिडिअन सांगा. फ्लोरिडातला गरीब माणूस, चोरीचा आरोप, वकील मागितला तर कोर्ट नाही म्हणालं, म्हणून तुरुंगातून पेन्सिलीने सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला. १९६३ ला जिंकला, पुन्हा खटला चालला तेव्हा वकील मिळाला आणि निर्दोष सुटला. नवीन ज्युनिअर आले की मी हीच सांगते.

कोपरीचा_मामा
आज पहाटे सगळं सांगितलं, ताईपण किचनमधून येऊन बसली. मार्शलवर पोरगं जाम खूश. मग म्हणतो, मामा, तुमच्याकडे कोर्टाला हा अधिकार कोणी घेतला? मी म्हटलं घ्यायची वेळच आली नाही, आपल्या घटनेच्या कलम १३ मध्ये लिहूनच दिलाय. तर म्हणतो, मग काय मजा, भांडणच नाही.

वकीलीणबाई_कळवा
भांडण नाही?? त्याला १९७३ चं केशवानंद (संसद घटना कुठवर बदलू शकते, हा खटला) सांगा, १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६. पण पहाटे साडेपाचला सुरू करू नका, लोकल चुकेल.