मुलासाठी स्पेशल एज्युकेशन अ‍ॅडव्होकेट: तुमचे अनुभव लिहा

तिरफळ: काल बेसमेंट आवरताना लेकाच्या आयईपीची (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळा करते तो लेखी शिक्षण-आराखडा) जुनी फाइल हाती लागली. तो आता कॉलेजात आहे, पण फाइल उघडली आणि पोटात गोळा आलाच. न्यू जर्सीतली शाळा. टेबलापलीकडे सायकॉलॉजिस्ट, स्पीचवाल्या बाई, केस मॅनेजर. अलीकडे आम्ही दोघं. "घरी मराठी बोलता म्हणून तो उशिरा बोलतोय," हे त्यांचं ठरलेलंच. शेवटी अ‍ॅडव्होकेट केली, म्हणजे वकील नव्हे, शाळेसमोर पालकांची बाजू मांडणारी जाणकार. बाईंनी आवाजसुद्धा चढवला नाही. चाचण्या फक्त इंग्रजीत का घेतल्या, एवढंच विचारलं. शक्य असेल तिथे मुलाच्या भाषेत तपासणी करायची, असं कायद्यातच आहे. मग म्हणाल्या, "स्पीच थेरपी वाढवायला नकार देताय ना? प्रायर रिटन नोटीस द्या." लेखी कारण द्यायची वेळ आली तशी थेरपी वाढली! तुमचं काय झालं, लिहा.

गवतीचहा: आम्हालाही हेच!! मराठी बंद करा म्हणे. सासूबाई म्हणाल्या, मग मी नातवाशी खुणांनी बोलू का 😂

खमंग_काकडी: बे एरिया. आमचा अनुभव कडू. या कामाला लायसन्स लागत नाही, कोणीही पाटी लावतं. आमच्या बाई पहिल्या मीटिंगपासून हमरीतुमरीवर. मुलाचे रिपोर्ट धड वाचलेले नव्हते, वर तासाचे पैसे. ज्यांचं काम केलंय अशा पालकांशी बोलल्याशिवाय ठरवू नका. आणि ड्यू प्रोसेस, म्हणजे शाळेविरुद्धची सुनावणी, जिंकलात तर वकिलाची फी जिल्ह्याकडून (स्कूल डिस्ट्रिक्टकडून) मिळू शकते, अ‍ॅडव्होकेटची नाही.

पोळपाट: पोळ्या लाटता लाटता लिहितेय, चुका पोटात घाला. पैसे मोजण्याआधी पेरेंट सेंटरला (अशा मुलांच्या पालकांना मदत करणारी संस्था) फोन करा, प्रत्येक राज्यात असतं, फुकट. न्यू जर्सीत स्पॅन. शाळेची तपासणी पटली नाही तर आयईई, म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र तपासणी, मागा, तेही लेखी. मग जिल्ह्याने खर्च द्यायचा, नाहीतर आपली तपासणी बरोबर आहे हे सुनावणीत सिद्ध करायचं. बाकी नंतर, तवा तापला

सदाशिवपेठी: इकडे पुण्यात शाळा म्हणते शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस) आणा, पगार तुम्हीच द्या. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत, पण शाळेत कोण वाचतंय! नातवाला दहावीला जादा वेळ मिळेल, त्याच्या सर्टिफिकेटसाठी सुनेच्या चपला झिजल्या. एक विचारू? शाळेशी वाकड्यात शिरलं तर पोरावर राग काढत नाहीत का?

तिरफळ: काका, ह्यांनाही हीच धास्ती होती. आमच्या बाबतीत उलट झालं, ईमेलना उत्तरं वेळेवर यायला लागली. पण खमंगचा अनुभव वाचलात ना, माणूस कसा मिळतो त्यावर आहे सगळं.

गवतीचहा: खमंग, आता कसा आहे गं लेक?

खमंग_काकडी: मस्त. ड्रम वाजवतो. शेजारी अ‍ॅडव्होकेट शोधतायत 😄

डल्लसकर: टेक्सासात या आयईपीच्या मीटिंगला एआरडी म्हणतात. आमची पुढच्या गुरुवारी आहे. इथलं कोणी चांगलं माहीत असेल तर सांगा प्लीज.

पोळपाट: व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.