सीनेवरच्या बंधाऱ्याचा भराव परत बांधतायत, पण तपासणार कोण?

सीनाकाठचा_मास्तर:

नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यातलं सीनाकाठचं गाव आमचं. सप्टेंबर २०२५ च्या पुरात काय झालं ते सोलापूरकरांना सांगायला नको. लांबोटीजवळ पुण्याचा रस्ता बंद, वडकबाळकडं विजयपूरचा बंद. माझं दुखणं त्यातलंच, पण जरा वेगळं.

गावच्या केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्याला लागून डाव्या काठाला माझं शेत. चौदा गाळ्यांचा, म्हणजे खांबांमधल्या चौदा वाटांचा बंधारा. बर्गे, म्हणजे गाळ्यात पाणी अडवायच्या फळ्या, ऑक्टोबरात टाकायचे, पावसाळ्याआधी काढायचे, ही रीत. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच सुरू झाला आणि निम्म्या गाळ्यांतले बर्गे तसेच राहिले. आम्ही दोनदा ऑफिसात जाऊन सांगितलं. एकदा ‘मजूर मिळेनात’, एकदा ‘चेनपुली दुसऱ्या साइटवर गेलीय’. मग पूर आला. वरून बाभळी, पाचट, कुणाच्या तरी गोठ्याचे पत्रे वाहत आले आणि बर्ग्यांना अडकले. गाळ्यातून वाट मिळेना म्हटल्यावर पाण्यानं बाजूचा मातीचा भराव फोडला आणि माझ्या उसातून नवी नदी काढली. दीड एकर. ठिबकच्या नळ्या अजून खालच्या वस्तीवर लिंबाला गुंडाळलेल्या आहेत. काळी माती गेली, खाली मुरूम. पंचनाम्यात ‘जमीन खरवडली’ एवढे दोन शब्द.

आता त्या भरावाचं इस्टिमेट झालंय. इस्टिमेट त्या ऑफिसवाल्यांचं, देखरेख त्यांची, मोजमाप पुस्तिका लिहिणार तेच, काम पूर्ण झाल्याचा दाखलाही त्यांचाच. मी बत्तीस वर्षं शाळेत होतो. दहावीच्या पोरांचे पेपर आम्ही तपासले तरी पुढं मॉडरेटरकडं जायचे. इथं मॉडरेटर कोण? मंगळवारी ग्रामसभा आहे. नुसता आरडाओरडा करायचा नाही, नेमकं काय मागू ते सांगा.

मुरूम_आणि_एमबी:

गुरुजी, मी निवृत्त शाखा अभियंता, त्यामुळं थोड्या शिव्या मलाही लागू.

पहिलं विचारा की बंधारा कुणाचा. सिंचन क्षमता शंभर हेक्टरपर्यंत असेल तर जिल्हा परिषद, सहाशेपर्यंत मृद व जलसंधारण, त्यापुढं जलसंपदा. एकाच नदीवर वरचा बंधारा एकाचा, खालचा दुसऱ्याचा. वरच्यानं बर्गे काढले आणि खालच्यानं नाही, तर त्या दोघांना एका टेबलावर बसवणारा कुणी नाही. शिवाय पाणी येणार अहिल्यानगर-धाराशिवकडून. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी सुटलं की सगळं आपल्या अंगावर.

दुसरं. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आला, चांगला आहे. धरणाची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी त्यात बंधनकारक आहे. पण तो पंधरा मीटरवरच्या धरणांना, आणि काही अटींवर दहा ते पंधरा मीटरच्या. तुमचा बंधारा चार-पाच मीटरचा. म्हणजे उजनीला तपासणी आहे, आणि ज्यानं तुमचं शेत नेलं त्याला नाही.

मोजमापाचं म्हणाल तर, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निधी परत जाऊ नये म्हणून एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, कशी भरतात ते मला शिकवू नका, मी भरलेली आहे. भरावाचे थर दबाई करत चढवायचे असतात. वरून पिचिंगचे दगड बसले की आत रोलर फिरला का नुसता जेसीबीनं ढीग लोटला, हे देवालाही दिसत नाही. तपासणी काम चालू असताना पाहिजे, झाल्यावर नव्हे. आणि हेही विचारा की नव्या कामाला पुराचा विसर्ग कुठला धरलाय. जुन्या नकाशातलाच आकडा धरला असेल तर भराव सोन्याचा केला तरी परत फुटेल.

चंद्रभागेकाठची:

मी पंढरपूरची. १४ ऑक्टोबर २०२० ला कुंभार घाटाची नवी भिंत पडून सहा माणसं गेली. पावसाला आडोसा म्हणून भिंतीखाली थांबलेली. आमच्या गल्लीतून ते ठिकाण पाच मिनिटांवर. त्यानंतर चौकशी हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं, कारण चौकशी माणसं गेल्यावर होते.

सर, माहिती अधिकार म्हणजे नुसत्या झेरॉक्स नव्हेत. कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे. दहा रुपयांचा अर्ज. काम सुरू व्हायच्या आधी टाका, म्हणजे भराव उघडा असतानाच तारीख मिळेल. सोबत इस्टिमेट, कार्यारंभ आदेश आणि ठेकेदारानं किती वर्षं दुरुस्तीची जबाबदारी घेतलीय, हे मागा. एकट्याच्या नावानं नको, पाच-सहा जणांनी वेगवेगळे टाका. एकट्या माणसाला गावात फार ‘समजावून’ सांगतात.

सातरस्ता_सिव्हिल:

काका, मी शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत कतरिना वादळात २००५ ला न्यू ऑर्लिन्सच्या काही पूरभिंती पाणी वरून जायच्या आधीच कोसळल्या, आणि त्या बांधणाऱ्या लष्करी अभियंत्यांच्या खात्यानं नंतर ती चूक मान्य केली. २००७ ला तिथं कायदा झाला की साडेचार कोटी डॉलरच्या वरच्या प्रकल्पांचा आराखडा बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासायचा. राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला तरी तो मोडून पास केला. आपल्याकडं निदान सोलापुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजकडून तरी तपासून घेता येईल ना?

मुरूम_आणि_एमबी:

येईल की. त्रयस्थ तपासणी आपल्याकडंही असते. पण तपासणाऱ्याचं बिल कोण काढतं ते बघ बाळ. ज्याचं काम तपासायचं त्याच्याच सहीनं फी निघत असेल तर अहवाल ‘समाधानकारक’च येतो. तो खर्च जिल्हाधिकाऱ्यांकडून निघावा, हे ठरावात घाला.

सीनाकाठचा_मास्तर:

सगळ्यांचे आभार. ठराव लिहायला घेतलाय. दबाई चालू असताना गावच्या दोघांसमोर चाचणी, विसर्गाचा आकडा फलकावर, त्रयस्थाची फी दुसऱ्या खात्यातून, आणि ३१ मे ला बर्गे मोजून ग्रामपंचायतीच्या वहीत सही. ताईंच्या म्हणण्याप्रमाणं सहा अर्ज तयार आहेत, त्यातला एक आमच्या मंडळींच्या नावानं.

आज पाणी कमी होतं म्हणून पुतण्याला घेऊन बंधाऱ्यावर जाऊन आलो. सहाव्या ते अकराव्या गाळ्यात अजून त्रेचाळीस बर्गे आहेत, वाकलेले, खाचेत रुतून बसलेले. इस्टिमेटात नवे बर्गे धरलेत. हे जुने कसे काढणार, त्याची ओळ मला त्यात सापडली नाही. अभियंता साहेब, ही कुठल्या बाबीत येते?